टेकडीवर गाय हरवली

परवा नामदेवभाऊंची गाय टेकडीवर हरवली आणि गावात आनंदीआनंद झाला.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. गाय दुभती. वासरू दावणीला हंबरत होतं, नामदेवभाऊ हातात दावं घेऊन अनवाणीच निघाले होते, आणि वाटेत जो भेटेल तो हसत होता.

"काय गा नामदेव, गाय दिसून नाई राहिली म्हने?"

"नाई ना! सकाळपासून पाहून राहिलो. घंटी वाजते, गाय नाई दिसत."

हे सांगताना त्यांचा चेहरा गाय हरवलेल्या माणसाचा मुळीच नव्हता. पोरगा मॅट्रिक पास झाल्याचं सांगावं तसं ते सांगत होते. नामदेवभाऊ माझे चुलत दीर. त्यांची आणि आमची संत्र्याची बाग एकाच बांधाच्या दोन बाजूंना. मी बागेत फांद्या बांधत होते. काम तसंच टाकलं आणि त्यांच्यामागे निघाले. गाय शोधायला माणसं पुष्कळ होती. मला ती न दिसणारी गाय पाहायची होती.

दिवस भादव्याचे. पोळा होऊन गेलेला, पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची जत्रा, पाहून माणसं घरी परतलेली, कपाशीला पात्या धरलेल्या, आणि आंबिया बहाराची संत्री अजून हिरवीच पण वजनाला पुरती भरलेली. भादव्यात आमच्याकडे हवेला ओला वास असतो. त्यात शेण असतं, कपाशीची भिजलेली पऱ्हाटी असते, हात लागून चुरगळलेलं संत्र्याचं पान असतं. मला त्यात आणखी एक वास आठवतो, जो आता येत नाही. ताज्या तोडलेल्या ओल्या लाकडाचा. आणि त्याच्यासोबत टेकडीवरून येणारा कुऱ्हाडींचा आवाज, सकाळपासून दिवे लागेपर्यंत.

आमचं गाव सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मध्ये, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. मागे टेकडी. ती गावाच्या निस्ताराची, म्हणजे घरच्या गरजेपुरतं लाकूड-काडी गावानं तिथून न्यावं, असा जुना हक्क. गरजेपुरतं हा शब्द फार सोयीचा आहे. गरज कोणाची आणि किती, हे टेकडी विचारायला येत नाही.

आमची गरज होती टेकूंची. संत्र्याचं झाड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. फळ भरलं की फांदी वाकते, आणि वाकलेल्या फांदीवर भिजलेल्या दिवसांत वारा आला की ती खोडापासून चिरफाळते. नुसती फांदी जात नाही, साल सोलत खाली येते आणि झाड कायमचं लुळं होतं. म्हणून प्रत्येक फांदीखाली टेकू द्यायचा. पुरुषभर उंच, मनगटाएवढा जाड, सरळ, आणि वरच्या टोकाला बेचकं, म्हणजे फांदी त्यात नीट बसेल. एकेका झाडाला असे आठ-दहा. गोटमारीहून माणसं परतली की गाड्या जुंपायच्या आणि टेकडीवर जायचं, हा रिवाजच होता. पोरंटोरं भाकरी बांधून सोबत. फळ उतरलं की टेकूंचं काम संपलं. खालचं टोक मातीत कुजलेलं असायचं, वाळवी लागलेली असायची. मग थंडीभर ते न्हाणीच्या चुलीत जायचे. पुढच्या भादव्यात नवे.

आता हिशेब न मांडताही कळेल की टेकडीवर काय झालं असेल. सरळ वाढलेलं, निकोप, चांगलं बेचकं फुटलेलं कोवळं झाड दिसलं की ते आमचंच. वाकडं, खुरटं, किडकं आम्ही हात न लावता ठेवायचो. ज्वारीचं बियाणं ठेवताना शेतकरी शेतभर फिरून सगळ्यांत भरदार कणीस निवडतो आणि घराच्या आढ्याला टांगतो. तोच शेतकरी टेकडीवर गेला की सगळ्यांत भरदार झाड निवडून तोडतो. दोन्हीकडे नजर तीच, पारख तीच. वर्षानुवर्षं आम्ही टेकडीवरून चांगलं तेवढं आणत राहिलो आणि वर जे उरलं त्याला म्हणत राहिलो, "या जमिनीत दमच नाई."

आणि तोडायचो कसं? उभ्यानं. कंबर वाकवायचा कंटाळा, दुसरं कारण नाही. त्यामुळे टेकडीभर गुडघ्याएवढे खुंट. खुंटाच्या डोक्यावर पावसाळ्यात फुटवे यायचे, झिंज्या पिंजारल्यासारखे. त्यातले अर्धे वाऱ्यानं मोडायचे, उरलेले शेळ्या खायच्या. वरती मोहाची चार-दोन म्हातारी झाडं होती, त्यांना फुलांसाठी कोणी तोडत नव्हतं. म्हातारे होते, खुंट होते. मधलं कोणीच नव्हतं. गाव असं असतं तर आपण घाबरून गेलो असतो.

ऐंशी साल ओलांडून एखादं वर्ष झालं असेल. माझ्या दारात उभं राहिलं की टेकडीवरची शेळी दिसायची. कोणाची, तेही ओळखू यायचं. बायकांना सरपणासाठी टेकडी ओलांडून पलीकडे जावं लागू लागलं, तेव्हा चैत्रात शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. पुरुष म्हणाले, शेळ्या बंद करा, जंगल आपोआप येईल. शेळ्या बहुतेक सुलोचनाच्या मोहल्ल्यातल्या. सुलोचना बौद्ध मोहल्ल्यात राहते, आमच्याकडे वेचणीला येते, आणि समोर कोण आहे हे पाहून आवाज कमी करायची तिला सवय नाही. ती उठली.

"शेळ्या फुटवे खातेत, खरं हाय. पन फुटवा याच्या आंधी झाड कोनं तोडलं? शेळीच्या हाती कुऱ्हाड देली होती काय मी?"

लोक हसले. ती हसली नाही.

"माह्या शेळ्या मी नाल्याकडं नेतो. आमच्या मोहल्ल्यातल्या साऱ्याच नेतीन. पन तुमचे टेकूबी बंद. तुमची एक गाडी वर गेली का माह्या शेळ्या वर. सांगून ठेवतो."

बागवाले एकमेकांकडे पाहायला लागले. मला तिचं म्हणणं सरळ वाटलं, आणि सरळ गोष्टीला उगाच वेळ लावणं मला जमत नाही. मी म्हटलं, "मंजूर. आमच्या बागेत यंदा टेकडीचा एकही टेकू येणार नाही."

नामदेवभाऊ मिशीत हसले. "वहिनी, आता तुम्ही बोलून राहिल्या. भादव्यात तुमची बाग बोलन. तुमची पयली फांदी मोडली का माही गाडी टेकडीवर. मंग मले कोनी काही म्हनू नका."

तेही मंजूर झालं. म्हणजे टेकडीचं काय होणार हे आता माझ्या बागेतल्या फांद्यांवर टांगलं गेलं.

फळ तेव्हा वाटाण्याएवढं होतं. उन्हाळ्यात निम्मं गळतं, हा दरवर्षीचा अनुभव. त्या वर्षी बाकीच्या बागांत तसं गळलंही, माझ्या बागेत गळलं नाही. माझी बाग ऐन भरात आलेली, विहिरीला पाणी राहिलेलं, आणि झाडांनी जणू हट्टानं प्रत्येक फळ धरून ठेवलं. लोक बांधावरून पाहून जायचे. "यंदा तं लयच लदली व बाग!" असं कौतुकानं म्हणायचे आणि मग त्यांना चैत्रातली बैठक आठवायची.

श्रावण संपला तशा फांद्या उतरायला लागल्या. सकाळी छातीशी असलेली फांदी आठवड्यानं कमरेला. वनखात्याच्या डेपोतले बांबू विकत आणणं आम्हाला पेलणारं नव्हतं. पऱ्हाटीच्या काड्यांचे भारे लावून पाहिले. फांदीनं ते पापडासारखे मोडले. दगड रचून पाहिले. एका रात्रीच्या पावसात ढासळले. आमचे हे फारसे बोलणारे नाहीत. ते एक दिवस एवढंच म्हणाले, "शब्द देल्ला तो देल्ला. पन झाडाले काय सांगाचं?"

मला उत्तर सापडलं ते कापसाच्या शेतात. सुलोचना निंदणीला आली होती, सोबत तिची नात. बांधावरच्या बाभळीला तिनं जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि पोरगी त्यात टाकली. पोरगी चांगली गुटगुटीत. पाय झाडत होती, झोळी हेलकावत होती, फांदी करकरत होती. लुगड्याचं काही वाकडं होत नव्हतं. मी खुरपं घेऊन उभीच राहिले.

"काय पाहून राहिल्या बाई? नजर लावसान पोरीले," सुलोचना म्हणाली.

"तुझी नात किती जड आहे ग?"

"खाऊन-पिऊन हाय. काहून?"

"आणि लुगडं किती जुनं?"

"माह्या लग्नातलं." मग तिला काहीतरी कळलं. "बाई, तुमी झाडाले झोळीत घालता काय आता?"

बरोबर तेच करायचं होतं. फांदीला खालून उचलायचं ते वरून धरायचं. झाडाच्या खोडाशी एक उंच बांबू उभा करून घट्ट बांधायचा, आणि त्याच्या शेंड्यापासून चहूकडच्या फांद्यांना लुगड्याच्या पट्ट्यांनी तोलायचं, उलट्या धरलेल्या पाळण्यासारखं. दहा टेकूंचं काम एका बांबूनं. दोरी नको, दोरी सालीत रुतते. लुगडं रुंद आणि मऊ. राहिला प्रश्न बांबूंचा. ते आमच्याकडे होते, फक्त गोठ्याच्या छपरात होते.

"गुरं पावसात उभी करशीन काय?" ह्यांनी विचारलं.

"ओसरीत बांधू."

"अन् आपन?"

"आपण आत आहोत की. ओसरीत शेण पडलं तर मी काढते."

छपर उतरवलं. बैल ओसरीत आले, आणि दाराशी त्यांचं शिंगाळं तोंड पाहून पाहुणे अंगणातूनच परत जायला लागले, हाही फायदा झाला. मी लुगडी मागत घरोघर फिरले. सासूबाईंची ठेवणीतली जुनी, माझी, सुलोचनाच्या मोहल्ल्यातल्या बायकांची. त्यांनी हसत हसत दिली, पण दिली. नामदेवभाऊंच्या बायकोनं, माझ्या जाऊबाईनं, नायलॉनची पाचवारी दिली. ती बिचारी भल्या मनानं म्हणाली, "ही फाटतच नाई ताई, कितीक वर्सं झाली." तेव्हा नायलॉनचं सगळ्यांना अप्रूप होतं. मी खुशीनं घेतली.

बाग बांधून झाली तेव्हा तिचं रूप काय सांगावं. जांभळ्या, हिरव्या, कुंकवाच्या रंगाच्या पट्ट्या, कुठं जरीचा काठ, कुठं ठिगळ. पांढुर्ण्याचा व्यापारी बाग पाहायला आला आणि बैलगाडीतून उतरायच्या आधीच म्हणाला, "बाई, इथं जत्रा भरून राहिली काय?" नामदेवभाऊ बांधावर बसून रोज पाहायचे. त्यांची गाडी अंगणात जुंपायच्या तयारीत, कुऱ्हाडींना धार लावलेली. "वहिनी, साड्या वाळत घातल्या का?" रोज तोच विनोद. माणसाला एक विनोद सापडला की तो हंगामभर पुरवतो.

मग हस्त लागला.

हस्ताचा पाऊस आमच्याकडे दुपारी येतो. सकाळभर ऊन चटचटतं, मग सातपुड्याच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होतं, आणि आधी वारा येतो. त्या दुपारी वारा आला तो बागेत शिरला आणि सगळ्या फांद्या एकदम उचलल्या. मी खोडाशी उभी. टेकूवरची फांदी वाऱ्यात टेकूवर आपटते, सोलते. हे मी दरवर्षी पाहिलं होतं. या फांद्या आपटत नव्हत्या. त्या झुलत होत्या. फळांनी लदलेली अख्खी बाग वर-खाली, वर-खाली होत होती, आणि पट्ट्या ताणून पुन्हा सैल होत होत्या. बांबू करकरत होते. मी देवाचं नाव वगैरे घेतलं नाही. मी गाठी मोजत होते. ही धरली. ही धरली. ही धरली.

बांधाकडच्या झाडाची गाठ सुटली. जाऊबाईची नायलॉन. फाटली नाही, तिनं सांगितलं होतं तशीच. ओली झाली आणि सापासारखी गाठीतून निसटून गेली. बागेतली सगळ्यांत मोठी फांदी खाली यायला लागली. मी धावले, पण मी दूर होते आणि चिखल होता.

नामदेवभाऊ जवळ होते. तेही बांधावरून पाहत होतेच, फांदी मोडते की नाही हेच पाहत होते. फांदी खाली आली, आणि त्यांनी बांधावरून उडी मारून तिच्याखाली खांदा दिला.

विचार करून कोणी असं करत नाही. शेतकऱ्याचं अंग करतं. त्यांची गाडी त्या फांदीसाठी अंगणात उभी होती, पाच-सहा महिने तोंडभर बोलून झालं होतं, आणि फळानं भरलेली फांदी डोळ्यांसमोर मोडताना त्यांना पाहवेना.

"बांधा ना व लवकर! खांदा गेला माहा!"

मी कमरेला खोचून ठेवलेली सुती लुगड्याची जादा पट्टी काढली, बांबूला फेकली, दोन वेढे, गाठ. तोवर पावसानं आम्हाला झोडपलं. नामदेवभाऊ फांदीखाली वाकून उभे, तोंडावरून पाणी, कानाशी संत्री. तेवढ्यात शेतातून पळत आलेली सुलोचना बांधावर थांबली, त्यांच्याकडे पाहिलं आणि एवढ्या पावसातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमालेच बेचकं फुटलं काय?"

पाऊस उघडल्यावर आम्ही बागेतून फिरलो. खाली फळं पडली होती, पानं पडली होती. फांदी एकही नाही. नामदेवभाऊ खांदा चोळत म्हणाले, "सुटली तं सुटली, तीबी आमच्याच घरची साडी." मग जरा वेळानं, दुसरीकडे पाहत, "बांबूले वरतून किती वेढे देल्ले तुमी?"

मी सांगितलं. संध्याकाळी त्यांची गाडी अंगणातून निघाली ती टेकडीकडे गेली नाही. घरोघर लुगडी मागायला गेली. दुसऱ्या वर्षी गावातल्या सगळ्या बागा रंगीत झाल्या. नायलॉन कोणी घेत नव्हतं.

टेकडीला मग आम्ही हात लावला, पण खाली वाकून. पहिल्या पावसाळ्यातच दिसलं होतं की गुडघ्याएवढ्या खुंटावरचे फुटवे वाऱ्यानं मोडतात आणि चुकून जमिनीसरशी तोडलेल्या खुंटाचे टिकतात. म्हणून उन्हाळ्यात सगळ्या गावानं उंच खुंट पुन्हा बुडाशी तोडले, तिरपे, पाणी साचणार नाही असे. कंबरा दुखल्या. तोडताना पुरुष म्हणत होते, "वाचवाचं म्हनता अन् पुन्हा तोडाले लावता." त्या पावसाळ्यात खुंटाखुंटाला जमिनीतूनच झुबके फुटले. धावडा, साग, तेंदू, लेंडिया. मूळ जुनं होतं, खोल होतं. त्याला फक्त कोणीतरी एक हंगाम निवांत द्यायचा होता.

पुढच्या वर्षी झुबक्यातला एकच फुटवा ठेवायचा आणि बाकीचे काढायचे, असं ठरलं. यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या धुऱ्या-बांधावरूनही होत नाहीत. कोणता ठेवायचा? सुलोचना म्हणायची, सगळ्यांत सरळ तो. नामदेवभाऊंचा हात सवयीनं नेमका त्याच सरळ फुटव्यावर विळा घेऊन जायचा. "भाऊ, हात मागं!" ती ओरडायची. शेवटी त्यांनी विळा तिच्या हाती दिला आणि स्वतः भारे वाहायला लागले. काढलेल्या फुटव्यांचा पाला सुलोचनाच्या शेळ्यांना आणि काड्या चुलीला. ज्या शेळ्यांना टेकडी बंद होती, त्यांच्यासाठी टेकडीच घरी यायला लागली. शेळ्यांचं काही अडलं नाही. माणसांचंही नाही.

हे दशक आता संपत आलं. आमची सून नव्या पद्धतीच्या नायलॉनच्या दोऱ्या आणू या म्हणते. आणेल तेव्हा आणेल. परवा मी त्याच पट्ट्या बांधत होते, तेव्हा नामदेवभाऊ दावं घेऊन निघाले.

आम्ही टेकडीवर चढलो. खरं तर शिरलो. सागाची पानं डोक्यावर, अंधारासारखी सावली, पायाखाली कुजलेला पाला, आणि कुठूनतरी गाईची घंटी. डावीकडून वाजली म्हणून डावीकडे गेलो तर उजवीकडून. सुलोचना मागून येत होती, तिची नात आता दोन वेण्यांची, हातात ओली काठी. वर पोचून मी सवयीनं मागे वळून पाहिलं. माझं दार दिसेना. गावच दिसेना.

"भाऊ," सुलोचना म्हणाली, "पयले एवढ्या वेळात मी इथूनच सांगतलं असतं तुमची गाय कोन्या कानानं काळी हाय थे."

"चुप बस व," नामदेवभाऊ म्हणाले, पण आवाजात राग नव्हता.

गाय सापडली ती एका धावड्याखाली. आरामात रवंथ करत बसली होती. नामदेवभाऊंनी तिच्या गळ्यात दावं टाकलं आणि मग वर पाहिलं. धावडा सरळ होता, आणि पुरुषभर उंचीवर त्याला बेचकं होतं, असं देखणं की जुन्या दिवसांत ते बेचकं पाहून दोन गाड्यावाले भांडले असते. त्यांनी तो बुडापासून बेचक्यापर्यंत नजरेनं मोजला. पोटरीएवढा बुंधा दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. तो हलला नाही.

"नाई व वहिनी," ते म्हणाले, आणि गाईला उठवायला लागले. "हा आता टेकूच्या कामाचा नाई राहिला. झाड झालं याचं."